बेटावर पर्यटकांना फिरवणाऱ्या वैमानिकाची पहिली नोकरी कशी असते?
मुलाचं सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) झालंय, हातात उड्डाणाचे जेमतेम 200 तास आहेत आणि ऑस्ट्रेलियातल्या क'गारी बेटावर (पूर्वीचं फ्रेझर) तो जाऊ का, असं तुम्ही इंदूरहून विचारलंत.

काम मजेचं आहे, पण थाटाचं नाही. तिथे धावपट्टी म्हणजे सेव्हंटी फाइव्ह माइल बीचची वाळू. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळूच कामाची, त्यामुळे वेळापत्रक समुद्र ठरवतो. त्याच किनाऱ्यावर गाड्या धावतात, डिंगो (तिथले रानकुत्रे) हिंडतात. उतरण्याआधी नीट नजर फिरवावीच लागते. फेरी छोटी असते: 1935 साली किनाऱ्याला लागलेलं माहेनो जहाज, गोड्या पाण्याची तळी, की परत. अशा छोट्या कंपन्यांत प्रवाशांची वजनं घेणं, विमान पुसणं, तिकिटं विकणंही बऱ्याचदा वैमानिकाकडेच येतं. आपल्या इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, नाही का, जो तळतो तोच गल्ल्यावर बसतो!

खरी अडचण कागदांची. भारतीय परवाना तिथे थेट चालत नाही. परीक्षा आणि उड्डाणचाचणी द्यावी लागते, वर कामाचा व्हिसा. म्हणून आधी व्हिसाचं बघा, मग बॅग भरा. बॅगेत जीरावन मसाल्याची पुडी टाका, तिथे पोह्यांवर भुरभुरायला मिळणार नाही.