मोरचूद-चुना मारल्यावर पानं करपली? दुसरा फवारा मारायच्या आधी हे वाचा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली अन् मले माझंच वावर दिसलं. तुम्ही लिहिलं, घरामागं लिंबाची पाच, संत्र्याची तीन झाडं, मोरचूद-चुना (म्हणजे बोर्डो मिश्रण, मोरचूद म्हणजे तांब्याचा निळा खडा) मारला, चौथ्या दिवशी पानावर काळपट ठिपके, शेंडे करपले, अन् दुकानदार म्हणतो रोग जोरात आहे, कॉपरचा, म्हणजे तांब्याचाच, अजून एक फवारा मारा. तर पहिली गोष्ट, तो फवारा मारू नका. आज तरी नका मारू. बाकीचं सावकाश वाचा.

प्रमाण वगैरे सगळ्यांना माहीत असते, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी, घरच्यासाठी 100-100 ग्रॅम अन् 10 लिटर, त्यात मी जात नाही. माझं प्रमाण बरोबरच होतं. तरी बगीचा जळाला. कारण चुना मेलेला होता.

आमचा संत्र्याचा बगीचा अमरावती जिल्ह्यात वरुडकडे. त्या साली ऑगस्टात झड लागली होती, फळगळ सुरू, अन् मी घाईत कोठ्यातला मागच्या सालचा चुना काढला, पोतं उघडंच होतं, खडे कवाचे फुटून पीठ झालेले. मला वाटलं चुना तो चुनाच. पण उघड्यावर पडलेला चुना हवा खाऊन खडूसारखा होते, त्याच्यात दम राहत नाही, अन् मोरचुदाचं तेज (आंबटपणा) मारायला तर चुना टाकायचा असते! ते मारल्या गेलं नाही की मोकळं तांबं पाण्यात राहते अन् पान जाळते. ताजा कळीचा खडा ओळखायला सोपा, पाणी टाकलं की सळसळ करून वाफ निघते, भांडं हाताला चटका देते. माझ्या चुन्यानं हूं की चूं केलं नाही, तरी मला अक्कल आली नाही. वरून झडीत मारलं, म्हणजे पानं लवकर वाळलीच नाही. ओलं पान जितका वेळ तसंच राहील तितकं तांबं जास्त लागते.

इथवर माझी चूक, मान्य. पण खरं नुकसान पुढं झालं. पानं प्लास्टिकच्या थैलीत घालून एका सरकारी कार्यालयात गेलो (नाव घेत नाही, आमच्याकडच्यांना समजते). पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशी मीटिंग. तिसऱ्या दिवशी एकानं खुर्चीतूनच थैलीत पाहिलं, थैली उघडलीसुद्धा नाही, म्हणे "खैऱ्या आहे, कॉपर मारा" (खैऱ्या म्हणजे लिंबू-संत्र्यावरचा डागाचा रोग), अन् चिठ्ठीवर कॉपर ऑक्सीक्लोराईड, म्हणजे दुकानातलं तयार तांब्याचं औषध, लिहून दिलं. आधी काय मारलं होतं हे एकानंही विचारलं नाही. बरं, खैऱ्या कागदी लिंबावर जेवढा येते तेवढा आपल्या संत्र्यावर येत नाही, हे बगीचेवाल्याच्या पोराले माहीत आहे, पण मी घाबरलेला होतो, चिठ्ठी घेऊन सरळ दुकानात. जळलेल्या झाडावर अजून तांबं. पानं गळाली ते गळाली, फळावर बारीक काळे खरबरीत डाग पडले, आतला रस चांगला पण व्यापारी साल पाहते ना, बगीचा अर्ध्या भावात मागितला अन् मी दिला.

आता रोग कोणता अन् फवाऱ्यानं आलेली करप कोणती, हे माझ्या अनुभवानं सांगतो, मी काही कृषी पदवीधर नाही. करप फवाऱ्यानंतर चार-आठ दिवसातच एकदम दिसते, जिथं थेंब साचला तिथं, म्हणजे पानाच्या टोकाशी अन् कडेला जास्त. आतली झाकलेली पानं बरी असतात, फवाऱ्यानंतर फुटलेली नवी पालवी साफ निघते. खैऱ्याचा डाग पानाच्या दोन्ही बाजूंनी उठावदार लागते, भोवती पिवळं कडं, अन् पावसात तो पसरत जाते. करप असली तर औषध नाही. पाणी द्या, गप बसा, झाड स्वतःच पालवी काढते.

पुढच्या वेळी मिश्रण झालं की विळ्याचं पातं नाही तं साधा लोखंडी खिळा पाच मिनिटं बुडवून ठेवा. तांबूस थर चढला की अजून चुन्याचं पाणी घाला, पुन्हा पाहा. एवढी एक परीक्षा मी केली असती तर ही पोस्ट लिहायची वेळ आली नसती. मोरचूद रात्रीच कापडाच्या पुरचुंडीत बांधून प्लास्टिकच्या बादलीत लोंबकळत ठेवा, लोखंडी बादली नको. सकाळी ते पाणी चुन्याच्या पाण्यात ओता, गाळून घ्या, त्याच दिवशी संपवा. कोवळ्या पालवीवर निम्म्या ताकदीचं. फुलावर मारूच नका, मधमाश्या असतात. अन् "सगळं एकाच पाण्यात" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, फोसेटिलसारखं (हे एक बुरशीनाशक) आंबट औषध तांब्यासोबत मिसळलं की तांबं पुन्हा मोकळं होते, म्हणजे तोच जाळ. तांबं रोग यायच्या आधी पानाचं राखण करते, आत घुसलेला रोग बरा करत नाही, म्हणून ते पावसाआधी, कोरड्या उघाडीत.

अंगाची काळजी. 2017 मध्ये यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ती कीटकनाशकं होती, तांबं नव्हतं, म्हणून लोक मोरचुदाले हलकं समजतात. हलकं नाही. चुना भिजवताना माझ्या भावाच्या डोळ्यात शिंतोडा उडाला, पंधरा-वीस मिनिटं डोळा धुतला अन् तसाच दवाखान्यात नेला तेव्हा वाचला. चष्मा, हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. हातानं ढवळू नका, नोझल तोंडानं फुंकू नका, अन् पंप पाठीवर असताना तंबाखू-सुपारीचा खर्रा तर बिलकूल नाही (आमच्याकडं हेच सगळ्यात अवघड आहे). पोटात गेलं तर घरगुती उपाय न करता पुडक्यासकट दवाखाना.

उरलेलं पाणी विहिरीजवळ, नाल्यात ओतू नका, मासे मरतात. तांबं कुजत नाही, मातीत साचत जाते, म्हणून "दर पंधरा दिवसांनी मारतो" याच्यात शहाणपणा नाही. धनगराच्या मेंढ्या वावरात बसवत असाल तर फवारलेल्या झाडाखालचं गवत त्यांना चारू नका, मेंढीले तांबं लवकर बाधते. दुकानातल्या तयार कॉपरचं प्रमाण अन् तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते पुडक्यावर पाहा. ते 10 लिटरचं लिहिलेलं असलं अन् तुमचा पंप 15 चा असला तर हिशोब करूनच टाका.

फोटो टाका, पानाची खालची बाजूही दिसू द्या, अन् तो चुना कधी आणला होता, भिजवताना तापला होता का, ते सांगा.