48 हजारांची ई-सायकल आणि पर्वरीची चढण

प्रश्न: वय 43, घर पर्वरीला, नोकरी पणजीत पाटोवर. हातात पगार 52,000, घराचा हप्ता 17,500. क्रेडिट कार्डावर 38,000 थकलेत, महिन्याला किमान रक्कम म्हणजे दोनेक हजार भरतो. बचत खात्यात 60,000 आहेत. शुगर काठावर आहे, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. जिमचे वर्षाचे 14,000 भरले आणि दोनच महिने गेलो. आता 48,000 ची पेडल-असिस्ट (पेडल मारताना मोटर मदत करते अशी) ई-सायकल कार्डावर 'नो कॉस्ट' हप्त्याने, महिना 4,000 देऊन घ्यावी म्हणतो. पेट्रोल वाचेल, जिम वाचेल, स्कूटर विकून टाकीन. ठीक आहे ना?

उत्तर: सायकल घ्या, पण आत्ता नाही. आणि स्कूटर विकायचा विचार सोडा.

पेट्रोलचा हिशेब पहिल्यांदा करू, कारण तुमची सगळी भिस्त त्यावर दिसते. पर्वरी-पाटो जाऊन-येऊन 12 किलोमीटर धरू. जून ते सप्टेंबर गोव्यात पाऊस कसा कोसळतो ते तुम्हाला सांगायला नको. ते महिने, रजा आणि कंटाळ्याचे दिवस वजा केले तर वर्षाला 150 दिवस सायकल निघेल. म्हणजे 1,800 किलोमीटर. स्कूटर लिटरला 45 देत असेल तर 40 लिटर, 97 रुपये दराने 3,880 रुपये. वर्षाचे.

आता सायकलचा खर्च. पाच वर्षांनी तिचे आठ हजार आले असे समजू, म्हणजे घसारा वर्षाला 8,000. मधे एकदा बॅटरी बदलावी लागणार, 14,000 धरले तर वर्षाचे 2,800. ब्रेक पॅड, चेन, ट्यूब, सर्व्हिसिंग मिळून 2,500. विजेची चिंता नको: 36 व्होल्ट 10 ॲम्पिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरायला अर्ध्या युनिटच्या आत लागते, वर्षाचे सव्वाशे-दीडशे रुपये. एकूण साडेतेरा हजारांच्या आसपास. पेट्रोल वजा केले तरी साडेनऊ हजार तुमच्या खिशातून जातात.

जिमचे 14,000 वाचतात असे म्हणाल, पण पुढल्या वर्षी तुम्ही ते भरणारच नव्हता. जी फी भरणारच नाही, ती बचतीत धरता येत नाही. तेव्हा ही खरेदी तब्येतीसाठी, आणि तिचा भाव 150 दिवस चालवलीत तर दिवसाला सुमारे 64 रुपये. पन्नासच दिवस चालवलीत तर 240. काठावरच्या शुगरला 64 रुपये महाग नाहीत. 240 मध्ये मात्र जिम परवडली.

घाम येईल का, हे सेन्सरवर ठरते. स्वस्त सायकलींत केडन्स सेन्सर असतो: पेडल नुसते फिरले की मोटर ढकलते, पायांनी जोर लावला की नाही याच्याशी तिला देणेघेणे नसते. टॉर्क सेन्सर तुमचा जोर मोजून त्या प्रमाणात मदत देतो. अशी सायकल महाग पडते, पण व्यायामासाठी तीच घ्यावी. केडन्सवालीच परवडत असेल तर सपाटीला मदतीची लेव्हल एकवर ठेवा, तीन फक्त चढणीला. थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवणारा अंगठ्याचा खटका) असेल तर दुकानातच त्याचा कनेक्टर काढून घ्या. अंगठा हाताशी असला की पाय आळशी होतात. वेग एवढा ठेवा की बोलता येईल पण गाता येणार नाही.

तुमच्या वाटेत आणखी एक गोम आहे. सकाळी पर्वरीहून बेतीपर्यंत निव्वळ उतार, तिथे व्यायाम शून्य. म्हणून बेतीहून फेरीबोटीने पणजीला उतरा (मांडवी पुलावर बसगाड्यांना अंग घासत जाण्यापेक्षा ते बरे) आणि ऑफिसआधी कांपालवरून मिरामारपर्यंत जाऊन या. सहाएक किलोमीटर सपाट रस्ता, वीस-पंचवीस मिनिटे. संध्याकाळची चढण धरून दिवसाची चाळीसेक मिनिटे खरी मेहनत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटे सांगते, ती चार दिवसांत होतात. ओहोटीला धक्क्याच्या उतारावर शेवाळ उघडे पडते, तिथे सायकल हातात धरूनच चाला.

आता पैशांचा क्रम. कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांनी वाढत असेल तर ते वर्षाचे 42 टक्के होतात, आणि बचत खात्यातले 60,000 तुम्हाला अडीच-तीन टक्के देतात. उद्याच 38,000 भरून टाका. 'नो कॉस्ट' म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यातही प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी लागतो. शिवाय हप्ता किमान रकमेत धरला जातो. तुमची किमान रक्कम दोन हजारांवरून सहावर जाईल. थकबाकी असताना साध्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, ते वेगळेच.

मग हेच सहा हजार दर महिन्याला आरडीत टाका. सात महिन्यांत 42,000 जमतात, म्हणजे कार्डासाठी काढलेली आजारपणाची शिल्लक भरून निघाली. तोवर चवथ होऊन जाईल, पाऊस ओसरेल. तेव्हा हप्त्याने घेतलीत तरी माझी हरकत नाही. मधल्या काळात कोणाची तरी साधी गियरची सायकल मागून आणा आणि आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा मिरामारला चालवा. चोवीसपैकी अठरा फेऱ्या झाल्या तर पुढे जा.

कराची सवलत विचाराल तर विजेच्या वाहनाच्या कर्जावरची आयकरातली कलम 80ईईबीची वजावट 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. मोटर 250 वॅटच्या आतली आणि मदत ताशी 25 किलोमीटरला तुटणारी असेल तर नोंदणी, लायसन्स, विमा काही लागत नाही. दुकानदार 'वेग खोलून देतो', म्हणजे 25 ची मर्यादा काढतो, म्हणाला तर नको म्हणा. मग ते बिननोंदणीचे मोटर वाहन ठरते, आणि अपघात झाला तर भरपाई तुमच्या घरावर येते.

घेताना बॅटरीची आजची किंमत आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या. दुरुस्ती गोव्यातच होते का तेही विचारा. लिथियम बॅटरी धोकादायक मालात मोडते, कुरियरवाले सहज घेत नाहीत. वर्षाला साठ-सत्तरच चार्ज होणार असल्याने तुमची बॅटरी वापराने कमी, वयाने जास्त म्हातारी होईल. पावसाळ्यात ती काढून घरात अर्धी भरून ठेवा, महिन्यातून एकदा तपासा. खारी हवा कनेक्टर खाते, तिथे थोडे डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारे) ग्रीस लावा. प्रेशरच्या पाण्याने मात्र धुऊ नका.

आणि पैसे देण्याआधी मोटर बंद करून ती एखाद्या चढावर दोनशे मीटर चालवून पाहा. वीस-पंचवीस किलोचे हे धूड, बॅटरी अर्ध्या चढणीत संपली तर तुम्हालाच वर न्यायचे आहे.