अलास्कात अ‍ॅस्पेनच्या झाडांची पानं चंदेरी का दिसतात? रोग आहे का, फवारणी करावी का?

रोग नाही, अळी आहे. आमच्याकडे काटोलला संत्र्यावर नागअळी येते ना, तिचीच सख्खी चुलत बहीण, दोघी फिलोक्निस्टिस वंशातल्या. म्हणून इथे अलास्कात फेअरबँक्सला आल्यावर पानावरची नागमोडी रेघ बघताच मी ओळखली आणि शेजाऱ्याला सांगितलं, पण त्याला कुठलं पटतंय. त्याने जुलैत फवारणीवाला बोलावला. मी त्याच्यासमोर एक पान तोडून उन्हात धरलं, चंदेरी पापुद्र्याच्या मधोमध विष्ठेची बारीक काळी रेघ, आणि रेघ संपते तिथे पानाची कड रेशमाने दुमडलेली. म्हटलं बघ, खाणं कधीच संपलंय, आता आत कोष आहे, औषध कोणासाठी मारतोस? तरी मारलंच. पुढच्या वर्षी झाडं परत चंदेरी.

या अळीचा पुढे पतंग होतो, तो 2-3 मिलिमीटरचा, पांढरट. हिवाळा तो पतंग म्हणूनच काढतो, झाडाच्या सालीखाली वगैरे, आणि मे महिन्यात पानं फुटली की कोवळ्या पानावर अंडी घालतो. अळी पानाचा गर खातच नाही, फक्त वरच्या किंवा खालच्या पापुद्र्यातल्या पेशी फोडून रस पिते. पापुद्रा सुटतो, आत हवा जाते, म्हणून ती चांदी. अळी पापुद्र्याच्या आत असल्यामुळे वरवरचं औषध तिला लागत नाही, हे संत्रावाल्याला सांगावं लागत नाही. उलट अ‍ॅस्पेनच्या काही पानांच्या बुडाशी मधाच्या ग्रंथी असतात, त्यावर मुंग्या येतात आणि अशा पानांवर अळीचं नुकसान कमी आढळलंय. फवारून तुम्ही आधी त्या मुंग्याच मारता.

आता हेही खरं की अळी अगदीच निरुपद्रवी नाही. अ‍ॅस्पेनची रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची बारीक छिद्रं, फक्त पानाच्या खालच्या बाजूला असतात, तिथला पापुद्रा गेला की पान नीट श्वास घेत नाही, अन्न कमी बनतं आणि पान लवकर गळतं. अलास्काच्या आतल्या भागात 1990 च्या दशकाच्या शेवटापासून वर्षानुवर्षं प्रादुर्भाव चाललाय आणि झाडांची वाढ त्याने खुंटते. अंगणात एखादंच लहान झाड असेल तर मुळातून जाणाऱ्या औषधाचा विचार करा, कोरड्या उन्हाळ्यात पाणी द्या. पण जुलैत पंप घेऊन कोणी दारात आला तर त्याला आधी पान दुमडलेलं दाखवा आणि विचारा, अळी आत्ता कुठल्या अवस्थेत आहे. सांगता आलं नाही तर पैसे देऊ नका.