विदूषक, सोंगाड्या की रंगलो?

वडोदऱ्याहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांचं नाटुकलं बसतंय. त्यात सूत्रधाराला पदोपदी अडवणारं, हसवणारं एक पात्र आहे. पत्रिकेवर त्याच्यापुढे 'विदूषक' लिहायचं ठरलं, तेव्हा सोसायटीतले एक आजोबा म्हणाले, "विदूषक म्हणजे दूषण देणारा. गणपतीपुढे असला शब्द नको, सोंगाड्या लिहा." मुलांना मात्र भवाईतला, म्हणजे गुजरातच्या लोकनाट्यातला, 'रंगलो' हवा आहे, कारण शाळेत गुजरातीच्या तासाला त्यांनी तोच ऐकलाय. शिवाय भूमिका बारा वर्षांची मुलगी करणार आहे, मग 'विदूषिका' म्हणावं का, असंही ताई विचारतात.

ताई, आजोबांनी केलेली फोड अगदी बरोबर आहे. वि हा उपसर्ग, दुष् हा धातू आणि करणारा या अर्थाचा अक हा प्रत्यय. दोष, दूषण, दूषित, दुष्ट, अगदी रोजच्या बातम्यांतलं प्रदूषणसुद्धा याच घरातलं. विदूषक म्हणजे दोष काढणारा, बिघडवणारा, हे खरंच. पण तो काय बिघडवतो आणि कुठे उभा राहून, हे पाहिलं की शब्दाचा रंग पालटतो. आणि ते पाहायला तुम्हाला लांब जायला नको. भरताचं नाट्यशास्त्र हा नाटकावरचा प्राचीन संस्कृत ग्रंथ अभिनवगुप्ताच्या टीकेसह, म्हणजे भाष्यासह, पहिल्यांदा प्रसिद्ध झाला तो आपल्याच गावातून, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत. पहिला खंड १९२६ चा, चौथा १९६४ चा. बडोद्याच्या मराठी माणसाला विदूषकाबद्दल शंका पडावी आणि उत्तर बडोद्याच्याच पुस्तकात सापडावं, याचा मला फार आनंद होतो.

नाट्यशास्त्रात नाटक सुरू होण्याआधीच्या पूर्वरंगात 'त्रिगत' नावाचा एक भाग सांगितला आहे. तिघं जण रंगमंचावर येतात: सूत्रधार, त्याचा सहायक पारिपार्श्विक आणि विदूषक. सहायक काहीतरी बोलतो, विदूषक मध्येच तोंड घालून त्यात खोट काढतो, भलतंच काहीतरी बडबडतो, सूत्रधाराला हसू येतं आणि मग तो मूळ बोलणं पुन्हा मार्गावर आणतो. विदूषकातलं दूषण हे. नीट चाललेल्या बोलण्यात खोडा घालायचा, म्हणजे तेच बोलणं दुसऱ्यांदा जास्त पक्कं होऊन प्रेक्षकापर्यंत जातं. तुमच्या नाटुकल्यातलं पात्र हेच करतंय, नाही का? सूत्रधाराला पदोपदी अडवतंय. म्हणजे तुम्ही नकळत दोन हजार वर्षांची जुनी जागा भरली आहे.

पुढच्या काळातही ही फोड कुणाला अवघड वाटली नाही. नाट्यदर्पण हा ग्रंथ लिहिणारे रामचंद्र आणि गुणचंद्र हे हेमचंद्राचार्यांचे शिष्य, म्हणजे बाराव्या शतकातल्या गुजरातचेच. ते शब्दाचा उलगडा असा करतात: जुळलेलं असेल तर भांडण लावून तो ते बिघडवतो, भांडण असेल तर समेट घडवून ते भांडण बिघडवतो, आणि विरहात असलेल्या माणसाला हसवून विरहाचा विसर पाडतो. भांडण बिघडवणं! दूषणाची एवढी गोड व्याख्या मी दुसरीकडे वाचलेली नाही. साहित्यदर्पणकार विश्वनाथही त्याला 'हास्यकर' म्हणतो आणि लगेच पुढे 'कलहरति', भांडणात रमणारा, असं म्हणतो. एकाच श्लोकात दोन्ही. फुलांवरून, वसंतावरून त्याचं नाव ठेवावं असंही तो सांगतो; त्याच्या आधीच्या भासाच्या स्वप्नवासवदत्तात आणि हर्षाच्या रत्नावलीत विदूषकाचं नाव वसंतक.

प्रत्यक्ष नाटकात हे दूषण कसं दिसतं, ते मृच्छकटिकात पाहावं. चारुदत्ताचा मित्र मैत्रेय विदूषक आहे. मित्र गणिकेच्या प्रेमात पडलाय, दरिद्री झालाय, आणि त्याच्या तोंडावर खरं बोलायची हिंमत फक्त मैत्रेयाची. तो म्हणतो, गणिका म्हणजे पायताणात शिरलेला खडा, काढता काढता जीव जातो. वसंतसेनेच्या बाबतीत त्याचं मत चुकीचं ठरतं, पण मित्राचा दोष मित्राला दाखवणं हे काम तो करतो. आणि त्याच चारुदत्ताला तो गरिबीत सोडून जात नाही. मला संस्कृत नाटकातला हा सगळ्यांत जिवाभावाचा माणूस वाटतो, नायकाहूनही.

आता गणपतीचा मुद्दा, कारण आजोबांच्या मनात खरी अढी तिथे आहे. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नाटकातल्या पात्रांचं रक्षण कोणी करायचं याची वाटणी आहे. नायकाचं रक्षण इंद्र करतो, नायिकेचं सरस्वती, आणि 'विदूषकमथौङ्कारः', विदूषकाचं ओंकार. उरलेल्यांचं शंकर. आपण गणपतीला काय म्हणतो? ओंकारस्वरूप. अथर्वशीर्षात रोज म्हणतो. मग गणपतीच्या मांडवात सगळ्यांत निर्धास्त कोणी असावं तर विदूषकानं. आजोबांना हे चरण जरूर दाखवा, त्यांना आवडतील. आणखी एक दाखवा. कालिदासाच्या विक्रमोर्वशीयात चंद्र उगवतो, राजा विरहानं व्याकूळ आहे, आणि विदूषक माणवकाला तो चंद्र साखरेच्या मोदकासारखा दिसतो. मैत्रेयालाही जुने दिवस आठवतात ते मोदकांच्या वासासकट. विदूषक आणि मोदक ही जोडी फार जुनी आहे.

मग हा शब्द आजोबांना शिवीसारखा का वाटला? त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपणच तो घसरू दिला. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० च्या सुमारास सर्कस उभी केली, मराठी सर्कशी गावोगाव गेल्या, आणि सर्कशीतल्या रंगवलेल्या तोंडाच्या माणसाला बोलण्यात 'जोकर' आणि लिहिण्यात 'विदूषक' म्हणायची सवय पडली. तो कोलांट्या मारतो, पडतो, मार खातो. त्याला कोणाच्या बोलण्यात खोट काढायची नसते, बऱ्याचदा बोलायचंच नसतं. मग वर्तमानपत्रांनी पुढाऱ्यांचे 'विदूषकी चाळे' छापले. आता शब्दातला खोट काढणारा शहाणा मित्र गेला, नुसता चाळे करणारा उरला. सर्कशीतल्या कलावंताबद्दल मला पूर्ण आदर आहे, त्याचं अंग कमावलेलं असतं. पण त्याला जोकर म्हणावं, तो शब्द आता पत्त्यांपासून सर्कशीपर्यंत मराठीच झाला आहे. विदूषक नाटकासाठी राखावा.

सोंगाड्याचं काय? हा शब्द मला मनापासून प्रिय आहे, पण त्याचा भर दुसरीकडे आहे. सोंग म्हणजे दुसऱ्याचं रूप घेणं. हिंदीतला स्वांग तो हाच. त्याला वाटाड्यातला आड्या लागला की सोंगाड्या. वाट दाखवणारा वाटाड्या, सोंग आणणारा सोंगाड्या. तमाशात गण होतो, गवळणीत पेंद्या आणि मावशी धमाल करतात, मग बतावणी, मग वग, आणि वगात सोंगाड्या कधी शिपाई होतो, कधी नोकर, कधी दरबारातला आणखी कोणी. एका रात्रीत माणूस एक, रूपं अनेक. आपण सहज म्हणतो 'रात्र थोडी सोंगे फार'. ही म्हण रात्रभर चालणाऱ्या खेळांनीच भाषेला दिली आहे: पहाट होत आली तरी सोंगं संपत नाहीत, ती घाई तिच्यात अजून ऐकू येते. दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' १९७१ मध्ये आला आणि ज्यांनी तमाशाचा फड कधी पाहिला नव्हता त्या घरांतही शब्द पोचला. तुमचं पात्र वेष बदलत नाही, सूत्रधाराचा पिच्छा सोडत नाही. म्हणून त्याला सोंगाड्या म्हटलं तर शब्द थोडा सैल बसेल. उद्या त्याच पात्राला तुम्ही मधेच पोस्टमन, मधेच मावशी केलंत, तर खुशाल सोंगाड्या म्हणा.

आणि रंगलो. मुलांच्या या आग्रहाचं मला कौतुक वाटतं. भवाईत नायक असतो आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून त्याला उलटसुलट विचारणारा रंगलो असतो. भवाईची परंपरा चौदाव्या शतकातल्या असाइत ठाकर यांच्यापासून सांगतात. देवीच्या पुढे, मोकळ्यावर, एकामागून एक वेश, म्हणजे छोटी नाट्यं, होतात. लहानपणी वडोदऱ्याजवळच्या पादरा भागातल्या एका गावात नवरात्रात मी भवाई पाहिली. तांब्याच्या लांबलचक भुंगळा, म्हणजे तुताऱ्या, वाजल्या की पोटात धडधडायचं, आणि 'ता थैया थैया ता थै' म्हणत रंगलो शिरला की सगळं गाव हसायला मोकळं व्हायचं. नायक आणि रंगलो, सूत्रधार आणि विदूषक: जागा तीच आहे.

अडचण फक्त मराठी कानाची आहे. गुजरातीत बरीच पुल्लिंगी नामं ओकारान्त असतात, घोडो, छोकरो, तसा रंगलो. मराठीत मात्र 'रंगलो' हे क्रियापद आहे: मी गाण्यात रंगलो. पत्रिकेवर नुसतं 'रंगलो' वाचून पुण्याहून आलेले पाहुणे कोण रंगला म्हणून विचारतील. त्याला विभक्ती लावतानाही गंमत होते. गुजरातीत रंगलाए कह्युं, मराठीत लोक 'रंगलोने' लिहितात आणि ते अडखळतं. आमच्या घरी आजी सरळ 'रंगल्याने काय धमाल केली' म्हणायची, घोडा-घोड्याने सारखं. बडोद्याच्या मराठीनं शोधलेली ही वाट मला योग्य वाटते: नाव रंगलो, सामान्यरूप रंगल्या. गुजराती माणसाला ओळख पटते आणि मराठी वाक्यही मोडत नाही.

मुलगी भूमिका करते आहे, तर 'विदूषिका' व्याकरणानं शुद्ध आहे. लेखक-लेखिका, गायक-गायिका तसंच. पण मी पत्रिकेवर 'विदूषक' असंच ठेवीन, कारण ते पात्राचं नाव आहे आणि ती मुलगी ते पात्र करते. राजा झालेल्या मुलीला आपण राणी लिहीत नाही. मात्र हौसेनं कोणी 'विदुषक' लिहील, तिथे डोळ्यांत तेल घालून पाहा. विदुषी हा शब्द विद् म्हणजे जाणणे यावरून आला, विद्वानाचं स्त्रीरूप, त्यात दु ऱ्हस्व. विदूषक दुष् वरून, त्यात दू दीर्घ. दोघांचा काही संबंध नाही, एवढे जवळ उभे असूनही.

शेवटी तुमच्या नाटुकल्यासाठी एक सुचवते, शब्दातूनच सुचलेलं. संस्कृत नाटकात विदूषक ब्राह्मण असूनही संस्कृत बोलत नाही, प्राकृत बोलतो. राजा उंच भाषेत श्लोक म्हणतो, हा लोकांच्या बोलीत त्याला टोकतो. केरळच्या कूडियाट्टम या संस्कृत नाट्यप्रकारात तर विदूषक मलयाळममध्ये बोलून प्रेक्षकांना श्लोकांचा अर्थ सांगतो, आणि नायकाच्या श्लोकाला विडंबनाचा श्लोकही जोडतो. तुमच्या मांडवात निम्मे प्रेक्षक गुजराती असणार. सूत्रधार मराठीत बोलू दे आणि विदूषकाला मधूनमधून गुजराती बोलू द्या. कोणालाच भाषांतर करून सांगावं लागणार नाही, आणि मुलांचा रंगलोही आत येईल.

तिच्या नाकाला लाल चेंडू लावू नका. हातात वाकडी काठी द्या. देवांनी नटांना भेटी दिल्या तेव्हा ब्रह्मदेवानं दिलेलं 'कुटिलक' म्हणजे विदूषकाची ही वाकडी काठीच, असं मानतात. नाट्यशास्त्र त्याला बुटका, दातपुढा, कुबडा, टकला, पिंगट डोळ्यांचा म्हणतं, पण बारा वर्षांच्या पोरीला यातलं काही नको, काठी पुरे.

पत्रिकेवर मी असं लिहीन: 'सूत्रधार' आणि पुढे मुलाचं नाव, खालच्या ओळीत 'विदूषक (रंगलो)' आणि पुढे मुलीचं नाव. मुद्रितं आली की दू दीर्घ आहे ना, तेवढं आजोबांकडूनच तपासून घ्या.