आधी माणसं जमवा, गाडीचं नंतर बघू

मागच्या अंकात न्यूयॉर्कमधल्या ज्यू लोकांच्या हात्झोला या व्हॉलंटियर अँब्युलन्स सेवेबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर खूप पत्रं आणि व्हॉट्सअप मेसेज आले, बहुतेक सांगली-मिरजेचे आणि काही साताऱ्याचे, म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त याच विषयाचे घेतलेत.

प्रश्न : नमस्कार ताई. मी सांगलीत गावभागात राहतो, आमचं गणेश मंडळ आहे. यंदा वर्गणी चांगली जमली, शिवाय एकांनी मोठी रक्कम द्यायची तयारी दाखवलीय, तर पोरांचं म्हणणं पडलं अँब्युलन्स घेऊया. माझा मावसभाऊ ब्रुकलिनला असतो, तो म्हणतो तिथं ज्यू लोकांची अँब्युलन्स दोन-तीन मिनिटात दारात हजर, सगळे व्हॉलंटियर, पेशंटकडून एक पैसा घेत नाहीत. आपल्याला असं काही जमंल का? आणि ते फक्त ज्यू लोकांनाच नेतात का?

उत्तर : दादा, जमेल, पण गाडीपासून सुरुवात करू नका. तुमचा मावसभाऊ सांगतोय ते खरंय, पण दोन-तीन मिनिटांत दारात जो येतो तो शेजारच्याच गल्लीतला माणूस असतो, अँब्युलन्स त्याच्या मागून येते. कुणी दुकानदार, कुणी शाळेत शिकवणारा, कुणी हिशोबनीस, अशी साधी माणसं, पण प्रत्येकाने इएमटीचं, म्हणजे अँब्युलन्सवर तातडीचे उपचार करायचं, रीतसर ट्रेनिंग घेऊन सरकारी परीक्षा पास केलेली असते. कमरेला वॉकीटॉकी आणि स्वतःच्या गाडीच्या डिकीत एक बॅग, त्यात ऑक्सिजनचं छोटं सिलेंडर, हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग, बीपीचं मशीन, रक्त थांबवायच्या पट्ट्या आणि बंद पडलेल्या हृदयाला शॉक द्यायचं एईडी मशीन. कॉल आला की कंट्रोलवरचा माणूस वॉकीटॉकीवर पत्ता सांगतो, जो सगळ्यात जवळ असेल तो "मी निघालो" म्हणतो आणि गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी हातातलं काम टाकून पळतो, तोवर दुसरे कुणीतरी जाऊन अँब्युलन्स बाहेर काढतात.

हे सुरू झालं साठच्या दशकात, ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात, हर्शेल वेबर नावाच्या रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, पुढाकाराने. त्या वस्तीत हिटलरच्या छळछावण्यांतून वाचून आलेली माणसं भरपूर होती, बोलणं सगळं यिडिश या त्यांच्या भाषेतून, इंग्रजी कित्येकांचं तोडकंमोडकं, आणि ज्यांनी तसले दिवस काढलेत त्यांच्या घरात रात्री अपरात्री परका युनिफॉर्मवाला शिरला तर पोटात गोळा येणारच, त्यात शहराची अँब्युलन्स यायला वेळ लागायचा तो वेगळाच. मग क्राऊन हाइट्स, बरो पार्क, फ्लॅटबुश अशा एकेका वस्तीने आपापली तुकडी उभी केली, आपापली देणगी आपणच गोळा केली, आणि आज ती अमेरिकेतली सगळ्यात मोठी व्हॉलंटियर अँब्युलन्स सेवा म्हणून ओळखली जाते. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटरवर हल्ला झाला तेव्हा यांच्याही गाड्या तिथं धावल्या होत्या. लंडनमध्ये स्टॅमफर्ड हिल भागात १९७९ पासून अशीच सेवा आहे. इस्रायलमध्ये २००६ साली एली बीअर यांनी युनायटेड हात्झाला सुरू केली, तिथं तर ट्रॅफिकमधून वाट काढायला मोटारसायकलवरून जातात, आणि व्हॉलंटियरमध्ये ज्यू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिश्चन आहेत, द्रूझ नावाच्या तिथल्या छोट्या पंथाचे आहेत.

फक्त ज्यूंनाच नेतात का, तर नाही. ज्याने फोन केला त्याच्याकडे जातात. तुमचं मंडळ काही उभं करणार असेल तर हे पहिल्या मिटिंगमध्येच ठरवून टाका, की वर्गणी कुठल्या गल्लीतून येते आणि कॉल कुठल्या गल्लीतून येतो याचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आता गाडी का नको ते सांगते. मी मिरजेत कॅज्युअल्टीला सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढलीत. छातीत दुखून घरी कोसळलेला पेशंट आणला की नातेवाईकांना आम्ही विचारायचो, पडल्यावर कुणी छाती दाबली का? बहुतेक वेळा उत्तर एकच, "पाणी पाजायला बघितलं, कांदा हुंगवला, मग रिक्षा बघायला पळालो." त्यांची काही चूक नाही, कुणी शिकवलंच नव्हतं. पण हृदय बंद पडल्यावर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, आणि छाती दाबली नाही, शॉक मिळाला नाही तर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी कमी होत जाते. मिरजेत डोंगराएवढी हॉस्पिटलं आहेत, इथं मिशन हॉस्पिटल उभं करणाऱ्या वॉनलेस डॉक्टरांच्या काळापासून लोक लांबलांबून इथं उपचाराला येतात, पण गावभागातल्या जिन्याच्या पायथ्याशी पडलेल्या माणसाला पहिली पाच मिनिटं शेजारीच लागतो.

आपल्याकडे १०८ आहे, महाराष्ट्रात २०१४ पासून, ९३७ गाड्यांनी सुरुवात झाली, सोबत डॉक्टर असतो आणि पैसे लागत नाहीत, त्यामुळे पहिला फोन १०८ लाच करायचा, यात बदल नाही. पण ती गाडी जिथं उभी असते तिथून निघणार, मध्ये ट्रॅफिक, आणि गणपतीत तुमचाच मांडव रस्त्यात. शेवटी गल्लीच्या तोंडाशी थांबणार, मग पुढे जुन्या वाड्याचा लाकडी जिना, स्ट्रेचर वळणावर अडकतं म्हणजे अडकतंच. तिथं पाठ टेकेल अशी घट्ट लाकडी खुर्ची घ्यायची, पेशंट शुद्धीवर असेल आणि मणक्याला मार नसेल तर त्याला खुर्चीत बसवून ओढणीने छातीशी बांधायचं, एकाने वरून पाठीचा भाग धरायचा, एकाने खालून पुढचे पाय, तिसरा खालच्या माणसाच्या पाठीला हात लावून पायऱ्या मोठ्याने सांगत उतरतो. हे रविवारी सकाळी दोनदा करून बघितलं की पोरांना येतं, आणि त्याला दात्याची रक्कम लागत नाही.

उलट मंडळांनी घेतलेल्या अँब्युलन्स कशा धूळ खात पडतात ते तुम्हीही बघितलं असेल. उद्घाटनाला नारळ फुटतो, फ्लेक्स लागतो, पण रात्री दोनला ड्रायव्हर कोण? इन्शुरन्स, टायर, ऑक्सिजन भरून आणणं, आरटीओकडे अँब्युलन्स म्हणून नोंद, आणि गाडी नुसती पेशंट न्यायची की आत उपचाराची सोय असलेली, त्याचेही नियमात वेगवेगळे प्रकार आहेत. हे सगळं निभावायला आधी वीस-पंचवीस माणसं लागतात जी फोन उचलतात. ती माणसं तयार झाली की मग गाडी घ्या, मी स्वतः उद्घाटनाला येईन.

तर पहिलं काम, गल्लीवार यादी करा, दिवसा घरी कोण असतं आणि रात्री कोण. बहुतेक ठिकाणी दिवसा दुकानदार आणि बायकाच असतात, हे लक्षात ठेवा. दुसरं, भारतातल्या भूलतज्ज्ञांनी सामान्य माणसासाठी कॉल्स नावाची पद्धत बसवलीय, त्यात तोंडाने श्वास द्यायचा नसतो, फक्त छाती दाबायची, त्याचं ट्रेनिंग मेडिकल कॉलेजला विनंती केली तर मिळतं. पेशंट गादीवर असेल तर खाली कडक फरशीवर घ्यायचा, छातीच्या मधोमध तळहाताची टाच, कोपर ताठ, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती निदान पाच सेंटिमीटर तरी खाली गेली पाहिजे. दोन मिनिटांत हात भरून येतात म्हणून आलटून पालटून करायला दुसरा माणूस हवाच. तिसरं, दात्याची रक्कम आहेच तर लाखभराच्या आसपास एक एईडी येतं, ते चोवीस तास उघडं असतं अशा ठिकाणी ठेवा, मंडळाच्या ऑफिसात कुलूप लावून नको.

आणि ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, गावभागात कुठली गाडी येणार होती? तेव्हा कुणाला डायलिसिस आहे, कुठली बाई दिवस भरलेली आहे, कुणाच्या घरी ऑक्सिजनवरचा पेशंट आहे, हे शेजाऱ्यालाच माहीत होतं. ही यादी पावसाळ्याआधी तुमच्याकडे पाहिजे.

प्रश्न : मी मिरजेतला निवृत्त शिक्षक. ज्यू लोक शनिवारी दिव्याचं बटणसुद्धा दाबत नाहीत असं वाचलंय. मग शनिवारी कुणाला अॅटॅक आला तर अँब्युलन्स कशी चालवतात? धर्म मोडतो ना?

उत्तर : सर, प्रश्न फार चांगला आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत त्यांचा शब्बाथ, त्यात गाडी चालवणं, फोन करणं, विस्तव पेटवणं सगळं वर्ज्य. आपल्या कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे, पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांचीच आडनावं, म्हणजे हा नियम मराठी माणसाने दोनशे वर्षांहून जास्त काळ जवळून बघितलाय.

पण त्याच धर्मात पिकुआह नेफेश नावाचं तत्त्व आहे, जीव वाचवायचा असेल तर शब्बाथचा नियम बाजूला ठेवायचा. नुसती सूट नाही, कर्तव्यच मानतात. तालमूद या त्यांच्या धर्मग्रंथात कारण दिलंय की एका माणसासाठी एक शब्बाथ मोडा, म्हणजे तो पुढचे अनेक शब्बाथ पाळेल. बाराव्या शतकातले मोठे धर्मपंडित मायमोनिडीस तर सांगतात की हे काम पोरासोरांवर किंवा परक्यावर ढकलू नका, जाणत्या विद्वानांनी स्वतः पुढे व्हावं. म्हणून हात्झोलाचा मेंबर शनिवारी प्रार्थनेला जातो तेव्हाही वॉकीटॉकी चालूच असतो, कॉल आला की प्रार्थना अर्धी टाकून उठतो.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची आहे. पेशंट हॉस्पिटलात पोचला, आता परत येताना तर कुणाचा जीव धोक्यात नाही, मग शनिवारी गाडी चालवत घरी यायचं की सूर्य मावळेपर्यंत तिथंच बसायचं? न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन, ज्यांचा शब्द तिथं अखेरचा मानायचे, त्यांनी निर्णय दिला की गाडीने परत या. कारण दिवसभर अडकून पडायची भीती असेल तर पुढच्या वेळी माणूस निघतानाच कचरेल. सर, माणसाचं मन ओळखून दिलेला हा निर्णय आहे, आणि आपल्याकडे सेवेचे नियम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे.

प्रश्न : अपघातातल्या माणसाला उचललं आणि तो वाटेत गेला तर पोलीस आपल्यालाच धरतात. मंडळातल्या पोरांचे आईबाप याच भीतीने नाही म्हणतात. (इस्लामपूरहून)

उत्तर : ही भीती आता सोडायला हरकत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. रस्ता अपघातात चांगल्या हेतूने मदत केली तर जखमी दगावला तरी त्या माणसावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही, हॉस्पिटल अडवून ठेवू शकत नाही. या कलमाची प्रिंट काढून पोरांच्या आईबापांना द्या.

प्रश्न : ताई, मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते, नर्सिंग झालंय, लग्नानंतर नोकरी सुटली. तिकडे या कामात बायका असतात का? आमच्याकडे असा ग्रुप झाला तर मला घेतील का, सासरचे म्हणतात हे पुरुषांचं काम.

उत्तर : तिकडेही हीच भांडणं झाली बरं का. न्यूयॉर्कच्या हात्झोलात बायकांना घेत नाहीत. मग ब्रुकलिनमधल्या बायकांनी एझ्रास नाशीम नावाची स्वतःची तुकडी काढली, बाळंतपणाच्या किंवा इतर अडचणीच्या वेळी परके पुरुष खोलीत येतात याचा बायकांना संकोच वाटायचा हे कारण. पुढाकार रूखी फ्रायर यांचा, त्या कर्मठ हसिडिक समाजातल्या, सहा मुलांची आई, वकील झाल्या आणि २०१६ साली न्यायाधीश म्हणून निवडून आल्या. त्यांना समाजातूनच कडाडून विरोध झाला, तरी २०२० मध्ये त्यांच्या तुकडीला स्वतःची अँब्युलन्स चालवायचं लायसन्स मिळालं. म्हणून हात्झोलाचं सगळंच उचलू नका, ही बाजू सोडून द्या. दुपारी दोन वाजता शाहूपुरीत घरात कोण असतं? तुम्हीच. नर्सिंग झालेली बाई दोन घरं सोडून राहते आणि तिचा नंबर कुणाकडे नाही, ही मला सगळ्यात मोठी नासाडी वाटते. सासूबाईंनाच आधी छाती दाबायला शिकवा, मी खरंच सांगते, एकदा हात बसला की त्याच शेजारणींना बोलावून आणतील.

आणि साताऱ्यात तुम्हाला शून्यातून सुरू करायचं नाहीये. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली तेव्हा महाबळेश्वर ट्रेकर्सची पोरं दोर लावून खाली उतरली होती. तुमच्या जिल्ह्यात अशी माणसं आहेत, कुठल्याही ट्रेकिंग ग्रुपला जाऊन भेटा, त्यांना ट्रेनिंग झालेली नर्स हवीच असते.

प्रश्न : पोरं चार महिने उत्साहाने येतात, मग ग्रुपवर नुसते गुड मॉर्निंग. त्यावर उपाय? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : कॉलचा ग्रुप आणि गप्पांचा ग्रुप वेगळा करा, कॉलच्या ग्रुपवर फक्त अॅडमिन लिहील. पाळी लावा, रोज रात्री ठरलेले दोघंच, बाकीचे निवांत झोपतील, सगळे कायम तयार म्हटलं की कुणीच तयार नसतं. दर दोन महिन्यांनी एकदा ट्रेनिंगच्या पुतळ्यावर छाती दाबायची उजळणी घ्या आणि त्याच दिवशी एईडीची बॅटरी आणि पॅडची एक्सपायरी बघा. शिवाय एखाद्या कॉलला पेशंट हाती लागला नाही तर त्या रात्रीच त्या पोराला चहाला बोलवा, त्याच्याशी बोला. कॅज्युअल्टीत आम्हालाही ते लागायचं. नव्या पोरांपैकी बरेचसे पहिल्या मृत्यूनंतर गप्प होऊन सोडून जातात आणि आपण म्हणतो कंटाळला.