बंद पडलेले जुने वाद्यवृंद मदतीच्या कार्यक्रमासाठी पुन्हा एकत्र आणता येतात का?

आपण विचारले आहे की आपल्या गावातील दोन जुने ऑर्केस्ट्रा पंचवीस वर्षांपूर्वी भांडणातून फुटले, वादक पांगले, आणि आता त्यांच्यापैकीच एका ढोलकीवादकाच्या मूत्रपिंडाच्या उपचारासाठी त्या सर्वांना एका मंचावर आणायचे आहे. हे जमते का, कुणी केले असेल तर कसे केले, आणि जुन्या थकबाकीचा विषय काढावा की टाळावा. मी सोलापूरचा आहे. १९७४ पासून अकॉर्डियन आणि पुढे कीबोर्ड वाजवत आलो आहे, आणि असे कार्यक्रम मी तीन वेळा केले आहेत. हे जमते, असे मी ठामपणे सांगू शकतो. आमचे वाद्यवृंद बिदागीच्या वाटणीवरून फुटले होते, आणि मदतीच्या कार्यक्रमात वाटून घ्यायचे काही नसतेच. त्यामुळे वर्षानुवर्षे एकमेकांच्या दारावरून न गेलेली माणसे तालमीला शेजारी शेजारी बसलेली मी पाहिली आहेत.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत सोलापुरात गणेशोत्सव, नवरात्र आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा मिळून वादकाला वर्षभराची कमाई होत असे. ऐकणारे बहुतेक गिरण्यांतले आणि यंत्रमागाच्या कारखान्यांतले कामगार. आमच्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू या चारही भाषा एकाच बोळात ऐकू येतात, त्यामुळे पूर्व भागात कार्यक्रम असला की दोन तरी तेलुगू गाणी बसवावी लागत, आणि कन्नड गाणे यादीत नसले तर पुढच्या रांगेतून फर्माईशीची चिठ्ठी हमखास येई. आमच्या संचात अकॉर्डियन, दोन व्हायोलिन, क्लॅरिनेट, हवाईयन गिटार, तबला-ढोलकी, बोंगो-कोंगो आणि साइड ऱ्हिदमला, म्हणजे खुळखुळ्यासारख्या छोट्या तालवाद्यांना, एक मुलगा होता. क्लॅरिनेटवाले मामा मूळचे लग्नाच्या बँडमधले. दिवसा वरातीत वाजवून संध्याकाळी आमच्याकडे येत. मी स्वतः पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या अकॉर्डियनच्या तबकड्या ऐकत ऐकत हात बसवला. तालमी एका यंत्रमाग कारखान्याच्या मागच्या खोलीत होत, आणि पलीकडचे माग चालू असताना लय सांभाळायची सवय झाल्यामुळे गर्दीच्या गोंगाटात आमची लय कधी हलली नाही.

सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचा करार, ठरताना आयोजक इसार देत आणि उरलेले पैसे कार्यक्रमानंतर द्यायचे असा रिवाज होता. उरलेले पैसे अनेकदा येतच नसत. आले तरी टेम्पोचे भाडे, ध्वनिक्षेपकाचे भाडे आणि जेवणखर्च कापून हातात जे पडे त्यावरून कुरबुर होई. त्यातच १९८७ साली मी कर्ज काढून कीबोर्ड घेतला. त्या वाद्यात व्हायोलिनचा आवाज होता. तो खऱ्या व्हायोलिनसारखा नव्हता, हे मला तेव्हाही ऐकू येत होते, परंतु दोन व्हायोलिनवादकांची बिदागी वाचत होती. पुढच्या वर्षी हिशेबावरून भांडण झाले, ते दोघे निघून गेले, आणि त्यांना परत बोलवायला कुणी गेले नाही. मीही गेलो नाही. संच फुटल्याचे कारण कुणी विचारले की मी वर्षानुवर्षे फक्त हिशेबाचे भांडण सांगत असे; कीबोर्डचे सांगत नसे.

पहिला कार्यक्रम १९९३ चा. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते, लेझीमच्या मिरवणुका पाहून शहर दमून झोपले होते, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. सकाळी किल्लारी आणि सास्तूरची नावे कानावर आली, आणि दुपारपासून जखमींना सोलापूरच्या दवाखान्यांत आणू लागले. आमच्या क्लॅरिनेटवाल्या मामांच्या बहिणीचे सासर सास्तूरजवळचे. ते काही बोलले नाहीत, नळदुर्ग-उमरग्याच्या रस्त्याने जाणाऱ्या एका ट्रकमध्ये बसून गेले आणि चार दिवसांनी परतले. त्यानंतर तीन वेगवेगळ्या संचांतल्या वादकांनी मिळून पूर्व भागातल्या एका मैदानात कार्यक्रम केला. तिकीट १० रुपये होते. एका कारखान्यातला कामगार दाराशी आला आणि पैसे नाहीत म्हणून त्याने एक चादर पुढे केली. ती घ्यावी की नाही, असा दारावरच्या मुलांना प्रश्न पडला. त्यांनी ती घेतली, आणि मग मागच्या रांगेतली माणसे घरी जाऊन चादरी घेऊन येऊ लागली. थंडी तोंडावर होती आणि तिकडची माणसे उघड्यावर झोपत होती, त्यामुळे त्या चादरी पैशांपेक्षाही आधी कामाला आल्या. विडी वळणाऱ्या बायकांनी पदराच्या गाठी सोडून नाणी टाकली, ती मोजायला रात्रीचा एक वाजला.

त्या कार्यक्रमात आमच्याकडून एक मोठी चूक झाली आणि ती आपण करू नये म्हणून लिहितो. जमलेली सर्व रक्कम आम्ही विश्वासाने एका समितीच्या हाती दिली. ती कुठे आणि कशी खर्च झाली, याचा हिशेब आम्हाला कधीच मिळाला नाही. पैसे योग्य ठिकाणी पोहोचलेही असतील, परंतु भाजीबाजारात, रिक्षात, लग्नात लोक आम्हालाच विचारत, कारण त्यांनी पैसे आमचे चेहरे पाहून दिले होते. हे ओझे मी बरीच वर्षे वाहिले.

दुसरा कार्यक्रम आमच्या तबलावादकाच्या मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी केला. तो मे महिन्यात, ऐन लग्नसराईत ठेवला गेला. निम्मे वादक स्वतःच्या सुपाऱ्यांमध्ये अडकले आणि ४२ अंशांच्या उन्हात लोकही फिरकले नाहीत. शस्त्रक्रिया झाली, पण निम्म्याहून अधिक पैसे उसने आणावे लागले.

तिसरा कार्यक्रम २०२२ सालचा, आणि आपल्या प्रश्नाला खरे उत्तर त्याच्यातून मिळते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लग्नाचा हंगाम सुरू होत होता. लागोपाठ दोन हंगाम हातचे गेल्यामुळे बँडवाल्यांपैकी अनेकांनी आपली वाद्ये गहाण टाकली. क्लॅरिनेटवाले मामा तोवर वारले होते, परंतु त्यांच्या मुलाने बापाचे क्लॅरिनेट गहाण टाकल्याचे मला कळले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. ती वाद्ये सोडवून आणण्यासाठी कार्यक्रम करायचा, असे आम्ही तिघांनी ठरवले.

यादी करताना पहिले नाव थोरल्या व्हायोलिनवादकांचे निघाले. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. १९८८ नंतर मी त्यांच्याशी बोललो नव्हतो. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी कितीतरी वर्षे रात्रपाळीचा पहारा केला होता. फोन करण्याचा माझा धीर होईना, म्हणून साखर पेठेतल्या त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिले, माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "ती बटनांची पेटी आणणार का बे?" मी म्हणालो, "नाही अण्णा, अकॉर्डियन आणतो." ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "सूर कुठला धरणार, ते सांग."

शब्द तर दिला, पण माझे अकॉर्डियन तीस वर्षे पेटीत बंद होते. त्यातल्या पोलादी पट्ट्या लाकडी ठोकळ्यावर मेणाने बसवलेल्या असतात, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ते मेण मऊ होते. माझ्या वाद्यातल्या सात पट्ट्या सुटून आत पडल्या होत्या, भात्याच्या कोपऱ्यांतून हवा जात होती. अकॉर्डियनचे कारागीर आता विरळ झाले आहेत. एका हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यांनी तीन आठवडे खपून ते वाजते केले आणि मजुरी घेतली नाही. आपल्या वादकांची वाद्येही बहुधा याच अवस्थेत असतील, तेव्हा तारीख ठरवण्याआधी दुरुस्तीला दोन महिने ठेवा.

दुसरी गोष्ट आवाजाची. आमचे गायक तरुणपणी काळी दोन या वरच्या सुरात गात; आता त्यांचा आवाज त्याहून खालच्या पांढरी एकच्या वर सुखाने जात नव्हता, आणि हे त्यांच्या तोंडून वदवून घेणे फार अवघड होते. शेवटी अण्णांनीच आपणहून व्हायोलिन खाली लावले आणि काही न बोलता सुरुवात केली. कीबोर्डवर एक बटन दाबले की सूर उतरतो. अकॉर्डियनला ती सोय नाही. चाळीस वर्षे बोटांत मुरलेले पीस, म्हणजे गाण्यांमधले वाद्यांचे तुकडे, मला नव्या पट्टीत अक्षरशः पुन्हा शिकावे लागले. परंतु गायकाला ताण न देता सूर उतरवल्यावर गाण्यात जो ठेहराव आला, तो आमच्या तरुणपणीच्या वाजवण्यात नव्हता, असे मला मनापासून वाटते. पूर्वी आम्ही एका रात्रीत तीस-बत्तीस गाणी करत असू. या वेळी अठराच ठेवली, प्रत्येकाला खुर्ची दिली आणि मध्यंतर वीस मिनिटांचे केले. आमच्या गायिका लग्नानंतर मंचावर उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांची सून त्यांना रोज तालमीला सोडायला येई आणि जिन्यावर बसून शेवटपर्यंत ऐकत राही. तालमी पुन्हा यंत्रमागाच्या शेडमध्येच झाल्या, फक्त मागांच्या सुट्टीच्या दिवशी, कारण आता आम्हाला त्या आवाजात एकमेकांचे ऐकू येत नाही.

कार्यक्रम हुतात्मा स्मृती मंदिरात केला. उघड्या मैदानात रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि वयस्कर वादकांना घाईने वाजवायला लावणे योग्य नाही, म्हणून बंदिस्त सभागृह घेतले आणि तरीही संध्याकाळी सहालाच सुरुवात केली. सभागृहाचे भाडे एका व्यापाऱ्यांनी परस्पर भरले. तिकिटाच्या पैशांतून चहासुद्धा घ्यायचा नाही, असा आमचा नियम होता आणि तो शेवटपर्यंत पाळला. १९९३ चे ओझे मनात असल्यामुळे शेवटच्या गाण्याआधी मंचावरच टेबल मांडून दोन निवृत्त बँक कर्मचाऱ्यांकडून पैसे मोजून घेतले आणि आकडा तिथेच जाहीर केला: १ लाख ८६ हजार ४५० रुपये. पुढच्या आठवड्यात गहाणदारांकडे जाऊन वाद्ये सोडवली, प्रत्येक पावतीची प्रत काढली आणि ज्यांनी मागितली त्यांना दिली. आपल्या बाबतीत उपचाराचा खर्च आहे, तेव्हा रक्कम कुणा एका वादकाच्या खात्यात ठेवू नका. ती थेट रुग्णालयात भरा, किंवा एखाद्या नोंदणीकृत संस्थेला बरोबर घेऊन तिच्या नावाने पावत्या फाडा. रुग्णाच्या घरच्यांना मंचावर बोलावून पाकीट देण्याचा प्रकार मात्र कृपा करून करू नका. ढोलकीवादक आजारी असला तरी तो त्या संचाचा माणूस आहे. त्याला बसवत असेल तर त्याच्या हाती किमान खंजिरी द्या आणि वादकांच्या रांगेत बसवा.

आता जुन्या थकबाकीचा प्रश्न. सगळे एकत्र यायला तयार असताना तो विषय कशाला, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. मलाही तसेच वाटत होते. परंतु अण्णांच्या घरी जाण्याआधी मी जुनी डायरी काढली, तेव्हा १९८८ च्या दोन कार्यक्रमांचे त्यांचे ९० रुपये बाकी असल्याचे माझ्याच अक्षरात लिहिलेले सापडले. ते पाकिटात घालून मी नेले होते, आणि सुराचे बोलणे झाल्यावर डायरीच्या त्या पानासह त्यांच्यासमोर ठेवले. नको म्हणतील किंवा रागावतील, अशी मला भीती होती. त्यांनी चष्मा लावून पान वाचले, नोटा मोजल्या आणि खिशात ठेवल्या. दोघांच्याही मनातले काहीतरी त्या क्षणी फिटले, आणि त्यानंतर तालमीत कुणीही जुने भांडण काढले नाही. म्हणून माझा सल्ला असा, की थकबाकी कितीही लहान असली तरी पहिल्या तालमीआधी, घरी जाऊन, चारचौघांत गाजावाजा न करता द्या.

कार्यक्रमाच्या दिवशी तिकीट १०० रुपयांचे होते. वादकांच्या घरच्यांना आम्ही प्रवेश मोफत ठेवला होता. तरीही अण्णा दारावरच्या टेबलाशी गेले, माझ्या पाकिटातल्या त्या ९० रुपयांत स्वतःचे १० घातले आणि एक तिकीट विकत घेऊन नातवाच्या हातात दिले. तो तिसऱ्या रांगेत बसला होता. आजोबांना व्हायोलिन वाजवताना त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.