मनात आलेला विचार पाप आहे का?

"प्रार्थनेला डोळे मिटले की प्रभूबद्दल घाणेरडे शब्द मनात येतात. पवित्र आत्म्याची निंदा केली तर क्षमा नाही, असं लिहिलंय ना? म्हणजे माझं तारण संपलं?" माझ्याकडे उपचारासाठी आलेली तिशीतली एक बाई पहिल्याच भेटीत हे एका दमात बोलली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ही भीती घेऊन येणारी ती पहिली नव्हती.

तिच्याकडे एक छोटी वही होती. प्रत्येक वाईट विचाराला एक उभी रेघ, पाचवी आडवी. रेघ मारली की क्षमेची प्रार्थना, आणि ती मनापासून झाली नाही असं वाटलं की पुन्हा पहिल्यापासून. एका पानावर रेघांवर रेघा गिरवून कागद फाटला होता. ते पान ती अंगठ्याने झाकत होती.

मी तिला बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा 3रा अध्याय काढून वाचायला लावला. येशू लोकांना बरं करतो हे दिसत असूनही शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे पंडित, म्हणत होते, हे भुतांच्या अधिपतीच्या बळावर चाललंय. क्षमा नसल्याचा तो इशारा त्यांना होता. समोर दिसणाऱ्या चांगल्याला ठरवून सैतानी म्हणणारे ते लोक, आणि नको असलेल्या शब्दाने रडकुंडीला येणारी ही. ज्याला क्षमा हवी आहे त्याने ते पाप केलेलं नाही, असंच पाळक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कॅथलिक शिकवणीत तर प्राणघातक पापाला, म्हणजे देवापासून तोडणाऱ्या सर्वांत गंभीर पापाला, गंभीर विषय, पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती, तिन्ही लागतात. तिची संमती होती कुठे?

तिचा पुढचा प्रश्न जास्त खोल होता. "पण माणूस जन्मतःच पापी. माझा आत्माच सडलेला असेल तर?" हे आदिपाप, म्हणजे आदामाच्या पापाचा दोष जन्मतःच सगळ्यांना येतो ही शिकवण. तिची पश्चिमेकडची मांडणी मुख्यतः ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताची, चौथ्या-पाचव्या शतकातली. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळ्या आदामाचा दोष वारशाने येतो असं मानत नाहीत. मरण आणि दुबळेपणा येतो, असं मानतात. आणि बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात आदाम-हव्वेचं पतन 3ऱ्या अध्यायात येतं, देवाच्या प्रतिरूपाचा माणूस 1ल्याच. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. तीही त्यावर बराच वेळ गप्प होती.

पण वचनं दाखवून हा त्रास थांबत नाही. दिलाशाचीही सवय लागते. उद्या पुन्हा विचारावंसं वाटतं. हा मंत्रचळाचाच, म्हणजे ओसीडीचा, एक प्रकार: नको असलेला विचार येत राहतो आणि तो शमवायला माणूस तेच तेच करत राहतो. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला 1522 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसात अशाच यातनेत होता, कबूल केलेली पापं पुन्हा पुन्हा कबूल करत. म्हणून आम्ही उपचार धरले. विचार आला तर येऊ द्यायचा. रेघ नाही, जादा प्रार्थना नाही. तिच्या परवानगीने मी तिच्या पाळकांशी बोलले. पापकबुली आठवड्यातून एकदाच ऐकायची आणि "नक्की क्षमा झाली ना?" याला उत्तर द्यायचं नाही, हे त्यांनी मान्य केलं. पहिले दोन आठवडे तिला फार जड गेले. मला फोन करायचा मोहही तिने आवरला.

नवव्या भेटीत ती म्हणाली, "रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी विचार आला. मी उठून गेले नाही. भाकर घेतली."

"कितीदा आला?"

"मोजलं नाही."